पहिल्या एपिसोडच्या पुढे कुणी गेलं होतं का? (विंडोजच्या आधीच्या डॉसवरचे जुने गेम)

माळ्यावरचा_बोका
मंडळी, गेल्या रविवारी सदाशिव पेठेत मामाकडे आवराआवरी करायला गेलो होतो, वाडा पाडून बिल्डिंग होतीये म्हणून. माळ्यावर तांब्याचा बंब, दोन मोडके पाट, मखराचं पिवळं पडलेलं थर्माकोल आणि त्यामागे जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला मामाचा ४८६ कॉम्प्युटर! डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्झ, टर्बोचं बटण, पुढे कुलूप (किल्ली अर्थातच गायब). सोबत प्लॅस्टिकच्या डब्यात २२ फ्लॉप्या. त्यातल्या एकीवर माझ्याच शाळेतल्या अक्षरात लिहिलंय, "गेम ३. बंटीची आहे, परत देणे." बंटीला ती मिळालेली नाही हे उघड आहे.

तर ते बघून एक जुनी ठसठस वर आली. वुल्फेन्स्टाइन थ्रीडी, कमांडर कीन, डूम, जे जे म्हणून आपण जीव टाकून खेळलो ते सगळं शेअरवेअर होतं, म्हणजे पहिला एपिसोड फुकट, पुढचे पैसे पाठवल्यावर. हे मला कळलं थेट इंजिनिअरिंगला गेल्यावर. तोपर्यंत मी समजत होतो की गेम तेवढाच असतो. म्हणून विचारतो, त्या काळात कुणी खरोखर पैसे भरून पुढचे भाग मागवले होते का? निदान मागवलेला माणूस तरी कुणी पाहिलाय का? आणि हा डबा चालू करायचा तर आधी काय बघू?

खवचट_काका
आधी मामांना विचारलं का ते बघा.

माळ्यावरचा_बोका
काका, मामाच म्हणाला घेऊन जा नाहीतर भंगारवाल्याला देतो.

डॉसभक्त
प्लग लावू नका! आधी कॅबिनेट उघडा. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर निळ्या किंवा हिरव्या रंगाचा पिंपासारखा सेल सोल्डर केलेला असायचा. तो इतक्या वर्षांत फुटून गळतो आणि त्यातलं पाणी बोर्डाचे ट्रॅक खातं. सेलच्या आजूबाजूला हिरवट-पांढरं काही फुललेलं दिसलं तर तो आधी कापून काढा, जागा व्हिनेगरच्या बोळ्याने पुसा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने. सेल काढला की सेटअप विसरणार, म्हणून हार्डडिस्कच्या लेबलवरचे सिलिंडर, हेड आणि सेक्टरचे आकडे आत्ताच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटअपमध्ये) हाताने भरावे लागतील.

फ्लॉप्यांचं दुसरं. पुण्याचे पावसाळे खाल्लेत त्यांनी. पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती उजेडात तिरकी धरून बघा, पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड बरबटतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीची पण वाट लागते. साडेतीन इंची असतील तर यूएसबीचा ड्राइव्ह चालेल, सव्वापाच इंची त्याच्यात जाणार नाहीत, त्यांना खराच जुना ड्राइव्ह आणि तो आजच्या कॉम्प्युटरला जोडणारा ग्रीझविझलसारखा बोर्ड लागतो.

मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, एकही माणूस पाहिला नाही.

सध्या_बंगळुरात
वुल्फ!!! आमच्या शनिवारातल्या वाड्यात अफवा होती की शेवटी हिटलर येतो. कुणाच्या तरी मुंबईच्या मावसभावाने बघितला होता म्हणे. आम्ही चार जणांनी मिळून अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली, भिंतींना चिकटून स्पेसबार दाबत फिरायचो, चोरदरवाजे सापडावेत म्हणून, प्रत्येक भिंतीला. शेवटी नवव्या मजल्यावर दोन हातात दोन मशीनगनी घेतलेला तो धिप्पाड हान्स आला, त्याला मारला, पुढे पळालो, बीजेने (गेममधल्या आपल्या हिरोने) हवेत उडी मारली आणि संपलं. हिटलर कुठाय?? आम्ही मावसभावाला दोन वर्षं खोटारडा म्हणत होतो. पुढे कळलं की हिटलर असतो, पण तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी, यांत्रिक चिलखत घालून. म्हणजे मावसभावाकडे पूर्ण गेम होता. तेव्हा एवढं कळलं असतं तर त्याची माफी मागून फ्लॉपी आणली असती.

मुग्धा_के
माझा अनुभव जरा वेगळा. घरी पीसी नव्हता. टिळक रोडजवळच्या एका क्लासला जायचे, महिना अमुक रुपये, आठवड्याला तीन तास, चपला बाहेर काढून आत जायचं कारण आत एसी आणि कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. एका मशीनवर तीन मुलं. बाण मुलगे दाबणार आणि मला "तू स्पेसबार दाब". डेंजरस डेव्ह या गेममध्ये तर कंट्रोलने गोळी आणि ऑल्टने जेटपॅक, म्हणून मला ऑल्ट दिला होता. मी दोन वर्षं ऑल्ट-ऑपरेटर होते. जेटपॅकचं इंधन संपलं की शिव्या मला.

पण एक गोष्ट मी शोधली होती आणि ती मुलांना कधी सांगितली नाही. सर रोज संध्याकाळी डीआयआर मारून (म्हणजे डिस्कवरची यादी काढून) गेमचे फोल्डर उडवायचे. मी फोल्डरच्या नावात ऑल्ट दाबून नंबर पॅडवर २५५ टाइप करायचे. ते अक्षर दिसायला मोकळी जागा, पण असतं. सरांना नाव दिसायचं, सीडी ही कमांड देऊन आत जायला गेले की मशीन म्हणणार असं काही नाहीच. ते समजायचे डिस्क खराब झाली. शेवटी त्यांनी मशीन फॉरमॅटला पाठवलं. 😇

सध्या_बंगळुरात
ताई तुम्ही दंडवत घ्या. हसून हसून पुरेवाट.

तपकीर_गल्ली
एक तांत्रिक दुरुस्ती. डेव्ह शेअरवेअर नव्हता. जॉन रोमेरोने तो १९८८ मध्ये ॲपल टू साठी केला, डॉसवर १९९० ला आला, आणि तो डिस्क-मासिकातून विकला जायचा, म्हणजे वर्गणी भरली की फ्लॉपी पोस्टाने घरी. तसाच प्रिन्स ऑफ पर्शिया, पॅराट्रूपर, डिगर, ॲली कॅट, हे सगळे दुकानात विकत मिळणारे गेम. आपल्याकडे सगळंच फुकट यायचं म्हणून आपण सगळ्याला शेअरवेअर म्हणतो. ज्याला आपण शेअरवेअर म्हणतोय त्यातलं निम्मं सरळसरळ चोरलेलं होतं.

खवचट_काका
आयडीला नाव तपकीर गल्लीचं, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराचं, ते बघता हे वाक्य तुमच्याकडून यावं यात मजा आहे.

तपकीर_गल्ली
काका, मी फक्त कीबोर्ड आणि रिबन विकायचो. 🙂 बरं, खरं सांगतो. समोरच्या गाळ्यातला एक जण गेम भरून द्यायचा. फ्लॉपी तुमची असेल तर दहा रुपये, त्याची असेल तर पंचवीस. मोठा गेम एका फ्लॉपीत मावायचा नाही, मग एआरजे नावाच्या प्रोग्रामने १.४४ एमबीचे तुकडे. पाच फ्लॉप्या घेऊन पोरगं सायकलवर कोथरूडला जाणार, चार नीट उलगडणार आणि पाचवीला सीआरसी एरर, म्हणजे फाइल खराब. परत सायकल. तो गाळेवाला पाचवी पुन्हा भरून देताना पुन्हा दहा रुपये घ्यायचा! म्हणायचा, "उन्हात ठेवली असशील." पोरं गयावया करायची. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की त्याच्याच ड्राइव्हचं हेड सरकलेलं आहे, त्याने लिहिलेली फ्लॉपी त्याच्याच मशीनवर चालायची.

नवा_कोरा_९९
मी १९९९ चा. तुम्ही लोक जे बोलताय ते मला पुराणातल्यासारखं वाटतंय. आमच्याकडे डीएक्स-बॉल आणि ती पिनबॉल, स्पेस कॅडेट. हे चालतं का धाग्यात?

डॉसभक्त
डीएक्स-बॉल पळतंच, १९९६ चा, अस्सल फ्रीवेअर, म्हणजे पूर्ण गेम फुकट. पिनबॉल म्हणजे एका मोठ्या विकतच्या गेमचं एकच टेबल विंडोजसोबत दिलेलं, तेही एक प्रकारे पहिला एपिसोडच झाला की. विंडोज व्हिस्टात ती गायब झाली त्याचं कारण मजेशीर आहे, ६४ बिटवर नेताना चेंडू फ्लिपरच्या आरपार जायला लागला आणि बाहेरून आणलेल्या त्या कोडमध्ये चूक कुठे आहे ते कुणाला सापडेना, शेवटी काढून टाकली.

नवा_कोरा_९९
आई शप्पथ. मला वाटायचं बाबांनी डिलीट केली. बारावीचं वर्ष होतं, आठवडाभर बोललो नव्हतो त्यांच्याशी.

पर्वती_पायथा
बोका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. मागवलेला माणूस मीच.

म्हणजे मी नाही, आत्तेभाऊ. तो न्यू जर्सीला होता. १९९३ च्या मे महिन्यात येणार होता, मी त्याला पत्रात (हो, पत्रात, निळं आंतरदेशीय चालत नाही म्हणून एअरमेलचं पाकीट) कमांडर कीनच्या शेवटच्या स्क्रीनवरचा पत्ता बघून उतरवून पाठवला. ॲपॉजी, गारलंड, टेक्सास. पहिला भाग माझा पाठ होता. आठ वर्षांचा मुलगा, मंगळावर उतरतो, त्याच्या यानाचे चार भाग चोरीला जातात, जॉयस्टिक, गाडीची बॅटरी, व्हॅक्युम क्लीनर आणि एक दारूची बाटली. हे मला तेव्हाही झेपलं नव्हतं. चारही गोळा करून घरी येतो आणि मग वर बघतो तर पृथ्वीच्या डोक्यावर शत्रूचं मोठं यान. पुढील भागात पहा! दोन वर्षं मी त्या यानाखाली बसून होतो.

भाऊ आला. बॅगेतून आत्यासाठी चॉकलेटं, वडिलांना शेव्हिंग फोम, आणि मला फ्लॉपी. मी रात्रभर खेळलो. आणि खरं सांगू का, तेवढी मजा आली नाही. दुसऱ्या भागात उडी मारायची ती पोगोची काठी आधीपासूनच हातात. पहिल्यात ती मिळवावी लागते, आणि मिळाल्यावर जी पहिली उडी बसते ना, त्या उडीसाठी पूर्ण गेम होता. मला वाटतं ते लोक सगळं चांगलं सामान पहिल्या भागात घालायचे. वरणात सगळं तूप वरच.

तपकीर_गल्ली
+१. धंदाच तसा होता. आधी शेअरवेअर म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर फुकट वाटायचं आणि आवडलं तर पैसे पाठवा असं म्हणायचं. लोक पाठवायचेच नाहीत. ॲपॉजीच्या स्कॉट मिलरने १९८७ मध्ये क्रोझ नावाच्या गेमचे तुकडे केले, पहिला फुकट, बाकी विकत. लगेच पैसे यायला लागले. पुढे कीन, वुल्फ, डूम सगळे त्याच वाटेने. तेव्हा पहिला भाग हा जाहिरात होता, तो चांगला असायलाच हवा. आणि वाटायला पूर्ण मुभा. म्हणजे त्या गाळेवाल्याने वुल्फचा पहिला एपिसोड भरून दिला यात कॉपीची चोरी नव्हतीच, उलट तेच अपेक्षित होतं.

मुग्धा_के
पाचव्या फ्लॉपीचे जादा दहा रुपये मात्र चोरीच.

पर्वती_पायथा
डूमचं कुणीच बोललं नाही. पहिल्या एपिसोडच्या शेवटी दोन बॅरन (मोठे राक्षस) मारले, भिंती खाली गेल्या, खुशीत पुढे गेलो, टेलिपोर्टमधून काळोखात, आणि चारी बाजूंनी बोचकारून मेलो. मी ती लेव्हल किमान वीस वेळा पुन्हा खेळलो आहे. आयडीडीक्यूडी (न मरण्याचा चीट कोड) मारून पण मेलो! तेव्हा वाटलं आपलं काहीतरी चुकतंय, कुठेतरी वेगळा दरवाजा असणार. नाही. तिथे मरायचंच असतं, तोच शेवट आहे. पुढे इंग्रजीत भलंमोठं लिहून यायचं, ते आम्ही एंटर मारून घालवायचो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पुढचे भाग आहेत. 🤦

रात्रपाळी
कुणी स्कायरोड्स खेळलंय का? अवकाशात रंगीत रस्ता, त्यावर छोटं यान, रस्त्याला भोकं, उडी मारायची, खाली इंधन आणि ऑक्सिजनचे काटे. तीस रस्ते. मी एमआयडीसीत रात्रपाळीला होतो, मशीन शॉपच्या ऑफिसात एक पीसी होता, पहाटे तीनला झोप येऊ नये म्हणून खेळायचो. गुळगुळीत बर्फासारख्या रस्त्यावर यान वळायचंच नाही आणि मी खुर्चीवरच उजवीकडे कलायचो. सुपरवायझरने विचारलं पाठ दुखते का.

डॉसभक्त
खेळलंय म्हणजे काय! १९९३, एस्टोनियातली ब्लूमून नावाची तीन-चार पोरं. हीच मंडळी पुढे स्काइपच्या मागे होती.

पर्वती_पायथा
काय सांगता?! आमची लेक डॅलसला, नातू झाला तेव्हा बारसं आम्ही स्काइपवर बघितलं. घुगऱ्या इकडे आणि पाळणा तिकडे. म्हणजे तो रंगीत रस्ता आणि ते बारसं एकाच घरातलं.

जोशी_नव्हे
व्हायरसचं राहिलं. गेमच्या फ्लॉपीबरोबर काय काय घरात यायचं! भारतात १९९० मध्ये सापडलेला जोशी व्हायरस आठवतोय का? ५ जानेवारीला मशीन अडकायचं आणि स्क्रीनवर हुकूम, "हॅपी बर्थडे जोशी" टाइप करा. टाइप केलं की सुटका. आमच्या ऑफिसात तीन जोशी होते, तिघांनाही साहेबाने केबिनमध्ये बोलावून वाढदिवस विचारला.

खवचट_काका
जगात एवढे व्हायरस, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा जबरदस्तीने वसूल करणारा एकच. गाव कुठलं ते सांगायला नको.

सध्या_बंगळुरात
काका 😂😂 आणि नंतर अँटीव्हायरस पण पुण्यातलाच, क्विक हील. दुखणं आणि औषध एकाच पेठेत.

जोशी_नव्हे
गाव सिद्ध झालेलं नाही, कृपया नोंद घ्यावी.

अनामिका_एफवाय
शिक्षिका आहे, अकरावी-बारावीला फिजिक्स. गेम नाही पण गेमच म्हणा, एमएस-डॉस ५ बरोबर क्यूबेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला गोरिला यायचा. दोन माकडं इमारतींवर, कोन आणि वेग टाइप करून केळं फेकायचं. सुरुवातीला गुरुत्वाकर्षण विचारायचा, पृथ्वीसाठी ९.८. मी चंद्राचं १.६ घालून बघितलं तर केळं स्क्रीनच्या वर जाऊन परत आलंच नाही, मी वाट बघत बसले. प्रक्षेप्य गती मला तिथे कळली, पुस्तकात नाही. आणि फाइल उघडली की कोड समोर! मी स्फोटाचा आकार वाढवला, एका केळ्यात दोन्ही माकडं आणि निम्मं शहर. आजही वर्गात दाखवते, ब्राउझरमध्ये चालतं. पोरं आधी ग्राफिक्सला हसतात, मग कोन ४५ का याच्यावर भांडतात.

नवा_कोरा_९९
हे आत्ता खेळायचं असेल तर? लॅपटॉपवर ईएक्सई डबल क्लिक केलं तर म्हणतो चालणार नाही.

डॉसभक्त
६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत. डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) टाका. फोल्डर माउंट करायचं, सी कोलन, गेमचं नाव, बस. गेम सुसाट पळत असेल तर कंट्रोल एफ११, रांगत असेल तर कंट्रोल एफ१२. पॅराट्रूपरसारखे सुरुवातीचे गेम ४.७७ मेगाहर्ट्झच्या मशीनचा वेग गृहीत धरून लिहिलेले, वेगवान मशीनवर हेलिकॉप्टर दिसायच्या आत सैनिक खाली. टर्बोचं बटण त्यासाठीच होतं, वेग कमी करायला. आपण सगळे ते उलटं समजायचो, टर्बो दाबला की गाडी पळते.

आणि इन्स्टॉल करायचा कंटाळा असेल तर इंटरनेट अर्काइव्हवर हजारो डॉस गेम थेट ब्राउझरमध्ये. टायरियन, बायोमेनेस, स्कायरोड्स हे तर मालकांनीच अधिकृत फुकट केलेत, मनात खुटखूट नको.

तपकीर_गल्ली
बोका, एक सांगतो, फ्लॉप्या टाकू नका काही झालं तरी. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ सोर्स कोड लेखकाकडून हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात एक खोकं मिळालं, त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या. वाचल्या गेल्या! वडील म्हणजे तेच, ज्यांनी गेमचं संगीत केलं होतं. तुमचा मामा काय संगीतकार नसेल, पण तरी.

खवचट_काका
दहा दिवस झाले. बोका माळ्यावरच अडकला की काय.

माळ्यावरचा_बोका
आलो आलो. बॅटरी खरंच फुटली होती, डॉसभक्त तुमचे पाय धरतो. थोडंच खाल्लं होतं, ट्रॅक वाचले. हार्डडिस्कचे आकडे भरले. चालू केल्यावर पंखा असा ओरडला की शेजारचे बघायला आले. मग मेमरी मोजली, टिक टिक टिक, आणि सी प्रॉम्प्ट.

वुल्फ होता. लोड गेममध्ये गेलो, दहा जागांपैकी सात भरलेल्या. माझी नावं देण्याची पद्धत बघा: "१", "२", "बंटी मेला", "चाव्या मिळाल्या", "हान्स", "हान्स २", आणि शेवटचं "आई आली". मी नवव्या मजल्यावर दाराबाहेर उभा, तब्येत १२ टक्के, गोळ्या चौदा. तिथेच ठेवून उठलो असणार जेवायला. परत कधी बसलो नाही बहुतेक, कारण त्यानंतरचं सेव्हच नाही. सध्या_बंगळुरात, तुम्हाला हिटलर नाही मिळाला, मला तर हान्सपण मारता आला नव्हता. काल रात्री प्रयत्न केला. १२ टक्क्यांत नाही होत हो.

आता "गेम ३". बुरशी नव्हती, यूएसबी ड्राइव्हने वाचली. डीआयआर मारलं. एकच फाइल, पाणी९७ डॉट डब्ल्यूके१. लोटसची, म्हणजे त्या काळच्या हिशोबाच्या प्रोग्रामची. उघडली तर वाड्याचा १९९७ चा टँकरचा हिशोब, बिऱ्हाडवार. मामाला फोन केला, म्हटलं अरे त्या फ्लॉपीवर बंटीची आहे परत देणे असं लिहिलं होतं ना? तर म्हणतो, "वाचलं होतं. सहा महिने कुणी न्यायला आलं नाही, मग फॉरमॅट मारली. फ्लॉपी काय फुकट येते का?"

मुग्धा_के
"बंटी मेला" 😂😂 बिचारा बंटी, सगळीकडूनच.

पर्वती_पायथा
१२ टक्क्यांत होतं. दाराला चिकटून उभे राहा, तो वळला की आत-बाहेर, आत-बाहेर. पण त्या चौदा गोळ्या पुरणार नाहीत.

खवचट_काका
ते राहू द्या. टँकरचं कुणाकडे बाकी आहे का तेवढं सांगा, वाडा पडायच्या आत वसूल करायला हवं.

माळ्यावरचा_बोका
वरच्या बिऱ्हाडाकडे चाळीस रुपये. मामा म्हणतो त्याला माहितीये.